सिबिलचा आकडा आणि त्यामागचे छत्तीस चौकोन

पीककर्जासाठी सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून काढलेला आकडा, मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बजावलं. पुढे ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की, पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ मागचा इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेलं आहे. दोन्ही बातम्या व्हॉट्सॲपवर फिरता फिरता झिजल्या आणि शेवटी उरलं एकच वाक्य: "आता सिबिल लागत नाही."

माझ्या मामांनी तेच वाक्य वाचलं होतं. घरावर एक मजला चढवायचा म्हणून आठ लाखांचं कर्ज मागायला ते बँकेत गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले. "सिबिल ६३८ आहे, बसत नाही," एवढंच त्यांना सांगितलं गेलं. मामा एसटीत वाहक होते. तिकिटाच्या पैशात रुपयाचा फरक आला तर रात्र रात्र न झोपणारा माणूस. "मी आयुष्यात कुणाचे पाच पैसे बुडवले नाहीत," असं ते दोन दिवस म्हणत राहिले. मला त्यांचं म्हणणं पूर्ण खरं वाटत होतं, आणि तो आकडाही खोटा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते समजलं की सिबिल समजलं.

सिबिल म्हणजे नक्की कोण?

सिबिल ही सरकारी कचेरी नाही, रिझर्व्ह बँकेचा विभागही नाही. २००० साली स्थापन झालेली ती एक कंपनी आहे. आज तिचं पूर्ण नाव ट्रान्सयुनियन सिबिल. लोकांच्या कर्जफेडीची माहिती गोळा करणं हे तिचं काम. अशा कंपनीला क्रेडिट ब्युरो म्हणतात. आपल्याकडे त्या चार आहेत: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. सिबिल सगळ्यांत जुनी, म्हणून झेरॉक्ससारखं तिचं नावच त्या वस्तूला चिकटलं.

ब्युरोकडे दोन गोष्टी असतात. एक अहवाल, म्हणजे तुमच्या प्रत्येक कर्जाची आणि क्रेडिट कार्डाची सविस्तर नोंद. दुसरा स्कोअर, म्हणजे त्या अहवालावरून गणिताने काढलेला ३०० ते ९०० मधला एक आकडा. बँकेत ऐकू येतो तो आकडा. दुखणं असतं ते अहवालात.

तुमच्या कर्जांचा सातबारा

अहवालाला सातबारा समजा. सातबाऱ्यावर कुणाची जमीन, किती क्षेत्र, कोणत्या सोसायटीचा किती बोजा हे लिहिलेलं असतं. तलाठी ती नोंद ठेवतो, पण जमीन कुणी विकावी, कुणी घ्यावी हे तो ठरवत नाही. ब्युरोचंही तसंच. कर्ज द्यायचं की नाही हे ब्युरो कधीच ठरवत नाही, ते बँक ठरवते. आणि सातबाऱ्यावरची चूक जशी तलाठ्याला तोंडी सांगून दुरुस्त होत नाही, कागद लागतो, फेरफार लागतो, तशीच इथलीही चूक ज्या बँकेने ती माहिती पाठवली तिच्याकडून खातरजमा झाल्यावरच सुधारते.

अहवालात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे छोटे छोटे चौकोन असतात, जास्तीत जास्त मागच्या छत्तीस महिन्यांचे. प्रत्येक चौकोनात तीन अंक. '०००' म्हणजे त्या महिन्यात काही थकलेलं नव्हतं. '०३०' म्हणजे हप्ता तीस दिवस मागे पडला होता. '०९०' च्या पुढे गेलं की बँक ते कर्ज साधारणपणे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं, म्हणजे एनपीए, धरते. 'एक्सएक्सएक्स' असं दिसलं तर बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवलेली नाही.

मामांचा अहवाल आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. त्यात चार खाती निघाली. सोसायटीच्या घराचं जुनं कर्ज फेडून बंद झालेलं. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज, सगळे चौकोन '०००'. दुचाकीचं कर्ज, तेही स्वच्छ. चौथं खातं क्रेडिट कार्डाचं होतं. मामा म्हणाले, "माझ्याकडे कार्ड नाहीच." मामींनी कपाटातून पाकीट काढलं. आठ वर्षांपूर्वी बँकेतल्या एका मुलाने "फुकट आहे काका" म्हणून दोन सह्या घेतल्या होत्या. पाकीट फोडलेलंही नव्हतं. पण दुसऱ्या वर्षी पाचशे रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे ५९० रुपये लागले. बिल जुन्या पत्त्यावर गेलं. त्यावर उशिराचा दंड, दंडावर व्याज. चौकोनांतले आकडे ०३०, ०६०, ०९० करत चढत गेले होते.

म्हणजे मामांनी कुणाचे पैसे बुडवले नव्हते हेही खरं, आणि नोंदीनुसार त्यांच्या नावावर थकबाकी होती हेही खरं.

(कार्ड सुरूच केलेलं नसेल तर त्याची माहिती ब्युरोला पाठवू नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये केला. आधी पाठवलेली अशी माहितीही काढून घ्यायला सांगितलं होतं, पण मामांच्या कार्डाची तशीच राहून गेली.)

पत वेगळी, ऐपत वेगळी

"माझ्या खात्यात वीस लाखांची एफडी आहे, तरी स्कोअर कमी कसा?" हा प्रश्न मी फार ऐकतो. उत्तर आपल्या भाषेतच आहे. ऐपत म्हणजे तुमच्याकडे किती आहे. पत म्हणजे घेतलेलं तुम्ही वेळेवर परत करता का. स्कोअर फक्त पत मोजतो. पगार, शेती, एफडी, सोनं, यूपीआयचे व्यवहार यांतलं काहीही स्कोअरच्या गणितात येत नाही. ऐपत बँक वेगळी तपासते, पगारपत्रक आणि आयकर विवरण पाहून. म्हणून लाखो रुपये पगार असलेल्याचा स्कोअर ५८० असू शकतो आणि वीस हजार मिळवणाऱ्या ताईचा ७९०.

सावकाराचं देणं, भिशी, हातउसने हेही अहवालात नसतं. तिथे तुम्ही कितीही चोख वागलात तरी तो चोखपणा बँकेला दिसत नाही. पाचदहा हजारांची ॲपवरची उधारी मात्र बहुतेक वेळा दिसते, कारण तिच्यामागे एखादी बँक किंवा वित्त कंपनी असते. मोबाइलच्या हप्त्याकडे "चार हजारांचं काय एवढं" म्हणून बघणाऱ्या तरुणांनी हे नीट लक्षात घ्यावं. चौकोनात थकलेले दिवस लिहिले जातात, आणि चार हजारांचे तीस दिवसही तीसच असतात.

कोणता आकडा म्हणजे काय?

अमुक आकड्याखाली कर्ज देऊ नका, असा कोणताही सरकारी नियम नाही. प्रत्येक बँकेची स्वतःची रेघ असते आणि ती कर्जागणिक बदलते. तरी बँकांत जे सर्रास चालतं त्यावरून ढोबळ अंदाज असा बांधता येतो.

७५० च्या वर असाल तर स्कोअरच्या कारणाने सहसा कुणी अडवत नाही, आणि व्याजदरावर घासाघीस करण्याइतका जोर तुमच्याकडे असतो. ७०० ते ७५० मध्ये कर्ज बहुधा मिळतं. दर थोडा चढा लागू शकतो. ६५० ते ७०० हा प्रश्नोत्तरांचा पट्टा. इथे बँक अहवाल उघडून वाचते, "हा हप्ता का चुकला?" विचारते, सहकर्जदार आणा म्हणते, किंवा मागितल्यापेक्षा कमी रक्कम देते. ६५० च्या खाली बऱ्याच बँका विनातारण कर्जाला, म्हणजे वैयक्तिक कर्जाला आणि क्रेडिट कार्डाला, नाही म्हणतात. मग माणूस जास्त व्याजाच्या वित्त कंपन्यांकडे वळतो, आणि ज्याची आधीच ओढाताण आहे त्यालाच पैसा सगळ्यांत महाग पडतो. या व्यवस्थेतली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट ही आहे.

तारण असेल तर आकड्याचा जोर कमी होतो. सोनेतारण कर्जात बँकेच्या हातात दागिना असतो, त्यामुळे तिथे स्कोअरवरून अडवणूक कमी होते. पण ते कर्जही अहवालात नोंदलं जातं. वेळेवर सोडवलेलं सोनं पत वाढवायला मदतच करतं.

आणखी एक गोंधळ: मोबाइलवर एका ॲपने ७६२ दाखवलं आणि बँकेने ७३१ सांगितलं. दोघंही बरोबर असू शकतात. चार ब्युरो, चार गणितं, शिवाय माहिती पोहोचण्याच्या तारखा वेगळ्या. वीसतीसच्या फरकाने घाबरू नका. शंभराचा फरक दिसला तर मात्र चारही अहवाल काढून बघा, कुठेतरी एखादं खातं चुकलेलं असण्याची शक्यता आहे.

"थोडा कमी असला म्हणून काय बिघडतं?"

गृहकर्जात बरंच बिघडतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला जोडावी लागतात. बहुतेकींनी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर, निवडला. त्या दरावर बँक आपली भर घालते, आणि या भरीत कर्जदाराची जोखीम धरलेली असते. अनेक बँका ती जोखीम स्कोअरवरूनच मोजतात.

हिशेब करून बघू. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं मुदत. उदाहरणापुरते दोन दर धरू. साडेआठ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे २६,०३५ रुपये. सव्वानऊ टक्क्यांनी २७,४७६. महिन्याला फरक १,४४१ रुपयांचा, चहापाण्याच्या खर्चात लपून जाईल असा. वीस वर्षांत तोच सुमारे ३ लाख ४६ हजार होतो.

रेपो दर उतरला की हप्ता दोघांचाही कमी होतो, पण मधलं अंतर तसंच राहतं, कारण ही भर कर्ज घेताना ठरलेली असते. तुमची पत बरीच बदलली तरच बँकेने जोखमीचा हिस्सा बदलावा असा नियम आहे. म्हणून दोनतीन वर्षांत स्कोअर बराच सुधारला असेल तर बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या. ऐकलं नाही तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही. नव्या बँकेचं प्रक्रिया शुल्क आणि कागदपत्रांचा खर्च मात्र आधी विचारून घ्या.

आकडा कशाने हलतो?

नेमकं सूत्र ब्युरो उघड करत नाहीत, पण सगळ्यांत मोठं वजन कशाला हे लपलेलं नाही: हप्ता तारखेला गेला का. खात्यात पैसे असूनही हप्ता परत जातो असं खूप घरांत होतं, कारण पगार सातला येतो आणि हप्ता पाचला कापला जातो. बँकेत अर्ज देऊन हप्त्याची तारीख बदलून मागता येते का, हे विचारायला कुणी जात नाही. जरूर जा. कार्डाच्या बाबतीत थोडी सवलत आहे: देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच थकबाकी म्हणून कळवता येतं.

त्यानंतर येतो कार्डाचा वापर. समजा मर्यादा पन्नास हजारांची आहे आणि तुम्ही दर महिन्याला पंचेचाळीस हजार वापरून पूर्ण फेडता. तुमच्या मते व्यवहार चोख. पण ब्युरोकडे साधारणपणे बिल निघालं त्या दिवशीची रक्कम पोहोचते, आणि तिथे दिसतं की हा माणूस दर महिन्याला काठोकाठ उसनं घेतो. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं असं म्हणतात ते यासाठी. ते जमत नसेल तर बिल निघण्याआधीच थोडी रक्कम भरून टाका. 'किमान देय' तेवढं भरून चौकोन '०००' राहतो हे खरं, पण उरलेल्या रकमेवर कार्डाचं जबर व्याज चालू राहतं आणि वापराचा आकडा वरच अडकून बसतो.

आणि चौकशा. तुम्ही कर्जाचा अर्ज केला की बँक तुमचा अहवाल काढते आणि त्याची नोंद राहते. एका संध्याकाळी कुणी गल्लीतल्या पाच घरांत हातउसने मागत फिरला, तर सहाव्या घरातला माणूस पाकिटाला हात लावण्याआधी विचार करेल ना? तसंच इथे होतं. स्वतःचा स्कोअर स्वतः बघितल्याने मात्र तो अजिबात कमी होत नाही. ही भीती इतकी पसरली आहे की लोक वर्षानुवर्षं अहवाल उघडतच नाहीत.

"मी कधी कर्जच घेतलं नाही, मग मला शिक्षा का?"

ज्याच्या नावावर एकही नोंद नाही त्याच्या अहवालात आकड्याऐवजी 'एनएच' किंवा उणे एक येतो. त्याचा अर्थ वाईट असा होत नाही. त्याचा अर्थ कोरी पाटी. याच लोकांना केवळ कोऱ्या पाटीमुळे परत पाठवू नका, हे रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. याचा अर्थ कर्ज द्यायलाच हवं असा नाही. उत्पन्न, नोकरी, इतर व्यवहार बँक बघणारच. आणि ज्याच्या पाटीवर आधीच काही लिहिलेलं आहे, त्याला ही सूचना लागू होत नाही. मामांची फसगत इथेच झाली होती.

शेतकऱ्यांचं दुखणं निराळं आहे. ज्याचं उत्पन्न पावसावर आणि बाजारावर चालतं, त्याला महिन्याच्या तारखांच्या चौकोनांत बसवणं मला मुळातच अन्यायाचं वाटतं. पीककर्जाला सिबिल मागू नका या मागणीमागे ते दुःख आहे. पण बातमीच्या पलीकडचं एक लक्षात ठेवा: बँकेने पीककर्जाला सिबिल बघितलं नाही तरी थकबाकीची नोंद अहवालातून पुसली जात नाही. त्याच शेतकऱ्याचा मुलगा ट्रॅक्टर घ्यायला वडिलांना सहकर्जदार करून जाईल, तेव्हा ती समोर येईल.

"मी तर फक्त सही केली होती"

जामीनदार म्हणून केलेली सही ही कर्जाचीच सही असते. मित्राचं वाहनकर्ज तुमच्याही अहवालात जामीनदार म्हणून दिसतं, आणि त्याने हप्ते थकवले की झळ तुम्हाला लागते. नाही म्हणणं जड जातं, नाती असतात. सही केलीच असेल तर निदान दर तीन महिन्यांनी हप्ते जातात का, हे मित्राला मोकळेपणाने विचारत जा.

"सेटलमेंट करून मोकळा झालो"

एक लाख देणं होतं, बँक चाळीस हजारांवर तयार झाली, पावती मिळाली, फोन थांबले. माणसाला वाटतं संपलं. बँकेच्या वहीत मात्र साठ हजारांचा तोटा राहिलेला असतो, आणि अहवालात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' असं लागतं. पुढच्या बँकेला त्यातून एवढंच कळतं की याने पूर्ण फेडलं नाही. खरोखर पर्याय नसेल तर तडजोड करणं पाप नाही. आजारपण, नोकरी जाणं हे कुणावरही येतं. पण किंमत माहीत असू द्या. पुढे हात मोकळा झाला तर उरलेली रक्कम भरून खातं 'क्लोज्ड' कराल का, असं बँकेला लेखी विचारा आणि ना-हरकत दाखला घेतल्याशिवाय उठू नका.

चूक दुसऱ्याची असेल तर?

चारही ब्युरोंनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा नियम २०१७ पासून आहे. तो त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. नाव, पॅन, पत्ता, मग एकेक खातं, मग चौकोन, आणि शेवटी चौकशांची यादी. ज्या बँकेचं नावही ऐकलेलं नाही तिची चौकशी दिसली तर कान टवकारा.

चुकीची नोंद सापडली तर ब्युरोकडे आणि त्या बँकेकडे, दोन्हीकडे तक्रार टाका. तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचं बंधन त्यांच्यावर एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही हलत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोही त्याच्या कक्षेत आहेत. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला ताजी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे झालेली दुरुस्ती दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही.

"पाच हजारांत स्कोअर वाढवून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात यातलं काहीही नसतं. खरी नोंद तो पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकटात काढू शकता. त्याला पॅन आणि ओटीपी देऊन बसलात तर नवीच थकबाकी नावावर लागायची.

मामांनी बँकेला पत्र लिहिलं, न फोडलेल्या पाकिटाचा फोटो जोडला. बँकेने दंड आणि व्याज माफ केलं, ५९० रुपये भरून घेतले आणि खातं 'क्लोज्ड' केलं. शिल्लक शून्य झाली, पण जुने ०९० चे चौकोन तिथेच आहेत. त्यांच्यापुढे नवे महिने साचत जातील तेव्हाच ते मागे सरकून छत्तीसच्या बाहेर पडतील. सात महिन्यांनी स्कोअर ७०४ झाला. आठ मागितले होते, सहा लाख मंजूर झाले, मामींना सहकर्जदार घेऊन. हप्ता पाच तारखेला लागला होता. मामांनी अर्ज देऊन तो दहाला करून घेतला, कारण पेन्शन कधी कधी उशिरा येतं.